मिनिटाला एक रुपया

कोल्हापुरात डिसेंबर लागला की बचत गटांच्या प्रदर्शनांत, शाळेच्या गॅदरिंगबाहेरच्या टेबलांवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रोशाचे बिनबोटांचे हातमोजे दिसायला लागतात. मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत लोकर, अंगठ्यापुरतं भोक, बाकी बोटं मोकळी. सकाळी गाडीवरून जाणाऱ्याला ते घालून ब्रेक दाबता येतो आणि सिग्नलला मोबाईलही चालवता येतो. पोराला वर्गात मोजा न काढता पेन्सिल धरता येते. आपल्याकडे थंडीतल्या सकाळी पारा पंधराच्या आसपास घुटमळतो, शून्याला जात नाही. त्या थंडीला एवढं पांघरूण पुरतं.

जोडी साधारण दीडशेला मिळते. आणि त्या दीडशेवरही वाक्य ठरलेलं असतं : "मावशी, शंभरला द्या की! लोकरीचंच तर आहे."

माझं म्हणणं सरळ आहे. ही जोडी दीडशेला मिळते हाच घोळ आहे. शंभरला मागणं हा त्या घोळावरचा निर्लज्जपणा आहे. आणि हा घोळ चालू ठेवण्यात विकत घेणारे, हौसेने विणणारे आणि "वा, काय सुंदर कला!" म्हणून हार्ट टाकणारे, असे आपण सगळे आहोत.

आधी हिशोब करू, कारण या विषयात भावना भरपूर असतात आणि आकडे कुणीच मांडत नाही.

मोठ्या माणसाचा साधा हातमोजा म्हणजे एक चौकोनी पट्टी. ३० साखळ्या घालायच्या, त्यावर मुक्या खांबांच्या ओळी. मुका खांब म्हणजे क्रोशातला बुटका, घट्ट टाका. प्रत्येक टाका मागच्या ओळीच्या पाठीमागच्या धाग्यातून काढला की पट्टी रबरासारखी ताणते आणि हातावर नीट बसते. अशा ३६ ओळी झाल्या की पट्टी दुमडायची, कड शिवायची आणि अंगठ्याची जागा सोडायची. ३० गुणिले ३६ म्हणजे एका हाताचे १०८० टाके, दोन हातांचे २१६०. सराव असलेला हात मिनिटाला १२ टाके घालतो असं धरू. झाले तीन तास. शिवण, अंगठ्याभोवतीची कड, दोऱ्याची टोकं आत लपवणं यांना आणखी अर्धा तास. एकूण साडेतीन तास.

आता लोकर समजा ८० रुपयांची. दीडशेतून ती वजा केली की उरतात ७० रुपये. भागिले साडेतीन. तासाला वीस रुपये.

तुलनेसाठी एक आकडा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुचवलेली किमान मजुरीची राष्ट्रीय पातळी दिवसाला १७८ रुपये होती. ती राज्यांना बंधनकारक नव्हती आणि ती फारच कमी आहे अशी ओरड कामगार संघटनांनी तेव्हा केली होती. आठ तासांनी भागली तर तासाला बावीस रुपये येतात. म्हणजे दीडशेची जोडी या हास्यास्पद पातळीच्याही खाली आहे. "शंभरला द्या की" म्हणणारा माणूस मावशींना तासाला सहा रुपयेही देत नाही. वर पिशवी मागतो ती वेगळीच.

लहान मुलांच्या जोडीचा प्रकार आणखी गमतीचा. "लहानाचे आहेत, निम्म्यात द्या." लहान पट्टी २२ साखळ्यांची, २६ ओळींची. दोन हातांचे ११४४ टाके, म्हणजे सुमारे ९५ मिनिटं. पण शिवण तेवढीच, अंगठेही दोनच आणि लपवायची टोकंही तेवढीच. तो अर्धा तास लहान होत नाही. एकूण दोन तास पाच मिनिटं, म्हणजे मोठ्या जोडीच्या साठ टक्के वेळ. हात लहान असतो, काम त्या मानाने लहान होत नाही.

इथे कुणीतरी म्हणतंच, "मग मशीनवर का नाही करत?" याचं उत्तर माहीत नसणं हे या सगळ्या स्वस्ताईचं मूळ आहे.

दोन सुयांवरच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ मध्येच बनवलं. लुधियानातून येणारे स्वेटर आणि मोजे त्याच कल्पनेच्या वंशातले. त्या विणकामात आख्खी ओळ उघड्या फासांची असते, त्यामुळे प्रत्येक फासाला एकेक सुई देऊन यंत्र आख्खी ओळ सपकन पुढे नेतं. क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर जिवंत फास बहुधा एकच असतो. एक टाका पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, आणि प्रत्येक टाक्याला सुई आधीच्या विणीतली नेमकी जागा शोधून आत घालावी लागते. ती जागा बोटांना कळते. प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत, पण असा माल धडाधड बाजारात काढणारं यंत्र आजही नाही. 'क्रोशे मशीन' नावाने जी यंत्रं मिळतात, ती प्रत्यक्षात वेगळ्या जातीचं विणकाम करतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ऑनलाइन सेलमध्ये तुम्हाला खरा क्रोशाचा टॉप, टोपी, हातमोजा, काहीही स्वस्तात दिसलं, तर ते 'मास प्रॉडक्शन'मुळे स्वस्त झालेलं नाही. तिथे कुणीतरी एकेक टाका हाताने घातला आहे. तो स्वस्त आहे कारण ते हात स्वस्तात मिळाले.

आता कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजीला चला. तिथे यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसले, तो आकडा. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावरून तिथे संप झाले, मोर्चे निघाले, वाटाघाटींत पैशापैशावर भांडणं झाली. ती मजुरी पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे धागा मोजला जातो आणि त्या मोजणीला नाव आहे. मजुरी कमी पडली तर कशाबद्दल भांडायचं हे कामगाराला ठाऊक आहे.

क्रोशाचा टाका मात्र कुणीच मोजत नाही, कारण तो घरात, संध्याकाळच्या मालिकेसमोर, 'रिकाम्या वेळात' घातला जातो. हा रिकामा वेळ कुणाचा, तेही बघा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. पावणेपाच तास राबून झाल्यावर उरलेल्या वेळाला रिकामा म्हणायचं, त्यात केलेल्या कामाला छंद म्हणायचं, आणि छंदाचे कसले पैसे, असं विचारायचं. आपल्याकडे याची तालीम फार जुनी आहे. रुखवतात मांडलेली क्रोशाची तोरणं आणि रुमाल आठवा. मुलगी किती गुणाची, हे दाखवायला तिचे शेकडो तास टेबलावर मांडले जायचे. त्यांची किंमत विचारणं म्हणजे असभ्यपणा.

आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचावी. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तिथून ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं : हजारो बायका जगाच्या बाजारपेठेसाठी माल बनवत होत्या, व्यापार आणि नफा पुरुषांच्या हातात होता, आणि बायका मात्र 'गृहिणी' म्हणून नोंदल्या जात होत्या. गृहिणी फावल्या वेळात काम करते, म्हणून ती कामगार नाही, म्हणून तिला मजुरीचा दर नाही. एका शब्दाने मजुरी पाडता येते. आपल्या प्रदर्शनातल्या टेबलामागे तोच शब्द बसलेला असतो, फक्त निर्यातदाराच्या जागी आपण असतो.

आता थोडं माझ्या जमातीकडे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि क्रोशाने विणतोही. आमच्याकडे एक लाडकं वाक्य फिरतं : "क्रोशा म्हणजे कोडिंगच की!" पॅटर्न म्हणजे अल्गोरिदम, ओळी म्हणजे लूप, उसवणं म्हणजे डीबगिंग. खोटं नाही ते. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गणितज्ञ डायना तायमिना यांनी हायपरबोलिक भूमितीचा पृष्ठभाग क्रोशाने विणला, आणि विद्यार्थ्यांना जो फळ्यावर कळत नव्हता तो हातात घेता आला. डोकं लागतं, यात वाद नाही.

पण कोडिंगच असेल तर बिल कोडिंगसारखं का होत नाही? आमच्या धंद्यात तासाचा हिशोब ठेवल्याशिवाय कुणी कळफलकाला हात लावत नाही. टाइमशीट भरली नाही तर शुक्रवारी मेल येतो. क्लायंटला "फावल्या वेळात केलं हो" असं कुणी सांगत नाही. मग मावशींच्या कामाला कोडिंगची उपमा द्यायची आणि दर मात्र शून्य लावायचा, ही स्तुती त्यांच्या काय उपयोगाची? मी मीटिंगनंतर विणत बसलो की लोक त्याला माइंडफुलनेस म्हणतात. तेच काम माझ्या आईच्या वयाच्या बाईने केलं की 'टाईमपास, दुसरं काय.'

आणि हौसेने विणणाऱ्या पगारदार मंडळींनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. विणा, खुशाल विणा. भाचीला द्या, रूममेटला द्या. भेट दिलेल्या वस्तूला दर नसतो आणि नसावा. पण इन्स्टावर पेज काढून "फक्त लोकरीचा खर्च सुटला तरी बास" म्हणत १२० ला जोडी विकू नका. तुमचा महिना पगारावर चालतो. त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर जिची पोराची फी त्या जोड्यांवर अवलंबून आहे, तिचा भाव तुम्ही पाडता. तुमच्या मनाचा मोठेपणा तिच्या खिशातून जातो.

आक्षेप येतील. "बाजार ठरवेल ती किंमत." बाजार ठरवतो तेव्हा विकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय असावी लागते. घराबाहेर कामाला जाता येत नाही, सासूचं बघायचं आहे, पोरं शाळेतून बाराला येतात, अशा अटींत बसलेल्या बाईला ती सोय नाही. तिथे ठरते ती किंमत नव्हे, नाइलाज.

"सगळ्यांना महाग जोडी कशी परवडेल?" परवडू नये, इतकंच काही नाही. ज्याला परवडत नाही त्याने यंत्रावर विणलेले मोजे घ्यावेत. ते उबदार असतात, स्वस्त असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हाताचं काम हवं पण यंत्राच्या भावात हवं, हा हट्ट तेवढा सोडा.

"पण मग विक्रीच होणार नाही." कमी होईल, हे खरं. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण आज मिळणारे ७० रुपयेही एखाद्या घरात मोलाचे असतात. म्हणून एकट्या मावशींनी भाव वाढवून चालणार नाही. आख्ख्या प्रदर्शनाने, आख्ख्या गटाने एक दर धरावा लागेल, आणि घेणाऱ्यांनी तो न घासता द्यावा लागेल.

कोल्हापूरकरांना हे समजावण्याची गरज पडू नये. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण किती पेटलो होतो! २०१९ मध्ये मिळालेल्या जीआयचा दाखला दिला, कारागिरांच्या पिढ्या मोजल्या. बरोबरच केलं. पण कारागिराचा मान मिलानमध्येच राखायचा असतो का? आपल्याच पेठेतल्या टेबलापाशी उभं राहून साडेतीन तासांच्या कामातले पन्नास रुपये कापणारा हात प्राडाचा नसतो.

माझी मागणी छोटी आहे. क्रोशाच्या प्रत्येक जोडीला कागदाची चिठ्ठी लावा. तिच्यावर तीन गोष्टी : लोकरीचा खर्च, लागलेली मिनिटं, विणणारीचं नाव. आणि दर, मिनिटाला एक रुपया. मोठ्यांची जोडी ८० अधिक २१०, म्हणजे २९० रुपये. लहानांची, लोकर ४५ ची धरली तर, ४५ अधिक १२५, म्हणजे १७०. आठ तास विणलं तर दिवसाचे ४८० रुपये. यात कुणी श्रीमंत होत नाही. फक्त काम हे काम आहे, एवढं कागदावर येतं.

प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांना ही चिठ्ठी छापायला काही रुपये लागतील. बचत गटांना एका बैठकीत ठराव करता येईल. आणि घेणाऱ्याला "कमी करा की" म्हणण्याआधी चिठ्ठीवरचा मिनिटांचा आकडा वाचावा लागेल. त्यातली नेमकी कोणती मिनिटं फुकट हवीत, हे त्याने मावशींच्या तोंडावर सांगावं.