कोरी नोंदवही

बसवनगुडी ही वसाहत एका जंतूने वसवली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १८९८ साली बेंगळुरात प्लेग शिरला. पेटेतील दाट वस्तीत त्याने थैमान घातल्यावर म्हैसूर संस्थानाने गावाबाहेर मोकळ्या जागेत वस्ती हलवण्याचे धोरण अवलंबिले आणि त्यातून बसवनगुडी आकाराला आली. रोगावर औषध नव्हते, म्हणून शासनाने रुंद रस्ते, हवा आणि उजेड यांच्या साहाय्याने त्याला उत्तर दिले. आज प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो. परंतु त्याच रुंद रस्त्यांवरील औषधदुकानांतून आपण ही प्रतिजैविके निकामी करीत आहोत, आणि यात मीही सामील होतो.

गेल्या वर्षी माझी एक्याऐंशी वर्षांची आई साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आली. लघवीस जळजळ व बारीक ताप, अशी तिची तक्रार होती. कार्यालयात जाण्याच्या घाईत मी कोपऱ्यावरील दुकानातून लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या तीन गोळ्या आणल्या. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. त्याने कात्रीने पट्टी कापली, मी पैसे दिले. तिला उतार पडला. दोन महिन्यांनी तोच त्रास झाला, तेव्हा त्याच गोळ्या पुन्हा आणल्या. तिसऱ्या खेपेस तिला थंडी वाजून ताप भरला आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. लघवीच्या कल्चरच्या अहवालात, तोंडाने घ्यावयाच्या जवळपास प्रत्येक औषधापुढे 'आर' हे अक्षर होते. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधास जंतू दाद देत नाहीत. सात दिवस शिरेतून मेरोपेनेम द्यावे लागले. ती बरी झाली. घरी आल्यावर तिने सहज विचारले, "अरे, त्या आधीच्या गोळ्या तूच आणल्या होत्यास ना?"

त्या गोळ्यांमुळेच हे घडले, असे सिद्ध करता येणार नाही. पण डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते मला आधी ठाऊक असावयास हवे होते. या वर्गातील औषधांनी टाचेमागची कंडरा दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते; साठीपुढील आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक. मधुमेह्याची साखर एकाएकी खाली-वर होऊ शकते. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. मूत्रपिंड मंदावले असल्यास मात्रा बदलावी लागते. आई कॅल्शियमची गोळी रोज घेत होती. यांपैकी एकही प्रश्न त्या काउंटरवर कोणी विचारला नाही. म्हणूनच चिठ्ठी लागते.

कायदा नाही, असे नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 'अनुसूची एच-१' २०१३ साली घालण्यात आली व ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीत ४६ औषधे होती. सेफिक्झिम, मेरोपेनेम आणि माझ्या हातातील लेव्होफ्लॉक्सॅसिन ही त्यांतलीच. अशा औषधाची विक्री होताच डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. माझ्या दोन्ही खरेदींची नोंद कोणत्याही वहीत नसणार, हे मी खात्रीने सांगतो, कारण माझे नावही कोणी विचारले नव्हते.

तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेला मनुष्य म्हणून मी हे लिहितो आहे. आपल्याकडे नियम करणे हे काम समजले जाते आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे ही उठाठेव. नियम केंद्राचे, विक्रीचा परवाना राज्याचा. या दोहोंच्या मधल्या फटीत ती वही कोरी राहते. त्यात भर म्हणजे सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिन त्या मूळ यादीत नव्हतेच. त्यालाही चिठ्ठी लागते, पण नोंद लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सक्ती केल्यास जेथे डॉक्टरच नाही तेथील गरीब मरेल. दुर्गम तालुक्यासाठी हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर तेथे डॉक्टर नेमणे हे आहे. पण बसवनगुडीत? गांधी बाजारापासून दहा मिनिटे चालल्यास किती दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, हे मोजून पाहावे. गरिबाची ढाल पुढे करून सवलत उपभोगतो तो माझ्यासारखा मध्यमवर्गीय.

आपण परप्रांतीय मराठी माणसे तर याबाबत अधिकच दोषी आहोत. नव्या गावी ओळखीचा डॉक्टर नसतो, भाषा अडते, म्हणून औषधदुकानदार हाच आपला वैद्य होतो; किंवा पुण्याचा मेव्हणा फोनवरून गोळी सुचवतो आणि ती मागच्या आजारातील उरलेल्या पट्टीत सापडते. सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिथे प्रतिजैविकाचा उपयोग शून्य, हे या मेव्हण्यास कोण सांगणार?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रकार परिचित आहे. गोळीचा लाभ मला, तिची खरी किंमत इतरांना. प्रतिजैविकाची परिणामकारकता हे गावचे गायरान आहे. प्रत्येकाने आपली गाय मोकळी सोडली की गवत संपते. 'लॅन्सेट'मधील २०२२ च्या अभ्यासानुसार, २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधरोधामुळे झाले. पेनिसिलिनच्या शोधाबद्दल डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच बजावले होते, की हे औषध दुकानात कोणासही मिळू लागेल आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील. आपले औषध नियमही त्याच महिन्यातले आहेत.

तेव्हा करावे काय? नोंदवही संगणकावर आणावी आणि खरेदी व चिठ्ठ्या यांचा मेळ दरमहा तपासावा. घाऊक विक्रेत्याकडून आलेला माल आणि नोंदलेली विक्री यांतील तफावत कारकूनही सांगू शकेल. ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधेही नोंदीखाली आणावीत. केरळने जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' नावाने दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या. जे केरळास जमते ते इतरांस अशक्य नाही.

आणि नागरिकाने? पाकिटावरील उभी लाल रेघ पाहावी. डॉक्टरला आपली ॲलर्जी, चालू औषधे व मूत्रपिंडाचा विकार सांगावा. औषध सांगितले तितके दिवस घ्यावे, त्रास झाल्यास त्यालाच विचारावे आणि उरलेली गोळी घरात ठेवू नये.

परवा मी त्याच दुकानात आईसाठी चिठ्ठी घेऊन गेलो आणि नोंद करा म्हणालो. दुकानदाराने वही शोधून काढली, झटकली आणि पहिल्याच पानावर आईचे नाव लिहिले.