तिथी आणि कॅमेरा

गेल्या पाडव्याला फराळ आटोपून, कन्येचा कॅमेरा गळ्यात अडकवून आम्ही बोनकोड्याहून कोपरखैरण्याच्या खाडीवर गेलो. दुपारचा एक झाला होता. पाहतो तो खारफुटीच्या कमरेपर्यंत पाणी! पाण्याचेच चारदोन फोटो काढून हिरमुसले होऊन परतलो.

शेजारच्या आगरी आजी हसल्या. "मास्तर, तिथी न बघता खाडीवर गेलात?" मग त्यांनी हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, सुमारे तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पाडव्याला पाऊण. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. वीस वर्षे सागराच्या कविता शिकवणाऱ्या मला हा पाढा ठाऊक नव्हता!

भाऊबीजेला सकाळी साडेसातला आजींना घेऊनच गेलो. पाणी ओसरले होते. चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या, चिंबोऱ्या बिळांतून डोकावत होत्या. ज्यांच्यामुळे ही ठाण्याची खाडी २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली, ते रोहित पक्षी मात्र अजून यायचे होते. मी खट्टू झालो.

आजी म्हणाल्या, "पाखरं येतील हो! चिखलाचा फोटो काढा. भराव पडला की तो परत येत नाही. आमचं मिठागर कसं होतं, ते नातवंडांना दाखवायला एक फोटो नाही माझ्यापाशी."

मी निमूटपणे चिखलाचे फोटो काढले. एक प्रत आजींना नेऊन दिली. मागे तारीख घालू लागलो, तर म्हणाल्या,

"तारीख नको, मास्तर. तिथी लिहा."