दोन वर्षांची मुदत, दहा वर्षांचे वाण

परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाने पदवीधरांच्या अनेक पिढ्या घडविल्या. परंतु पीएच.डी. मिळविलेल्या तरुण संशोधकाने पुढे काय करावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शासकीय धोरणात अद्याप सापडत नाही.

काही वाटा आहेत, हे मान्य केले पाहिजे. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. मात्र तिची मुदत दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळेत नव्या पदार्थांचे गुणधर्म तपासणाऱ्यास एवढा अवधी कदाचित पुरेल. शेतीचे गणित निराळे आहे. येथे पिकाची एक पिढी म्हणजे एक हंगाम. संकर, अनेक पिढ्यांची निवड आणि ठिकठिकाणच्या चाचण्या यांत सहज दहा वर्षे जातात.

‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण याचे उत्तम उदाहरण होय. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगास तोंड देण्यासाठी लागवडीच्या भेंडीचा रानटी जातीशी संकर केला गेला, पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली आणि १९८५ साली हे वाण प्रसारित झाले. पुढे त्याची प्रतिकारशक्ती अनेक ठिकाणी उणावली. म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही.

ते खासगी कंपन्यांवर सोपवावे, असे कोणी सुचवील. अर्थशास्त्र याला अनुकूल नाही. संकरित बियाणे शेतकऱ्यास दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून कंपनी त्यात भांडवल घालते. तूर, सोयाबीन, रब्बी ज्वारी यांच्या सरळ वाणांचे बी शेतकरी घरीच राखू शकतो. लाभ समाजाचा, नफा कोणाचाच नाही. अशा कामाचा खर्च शासनानेच उचलावयाचा असतो.

प्राध्यापकांची रिक्त पदे आधी भरा, हा आक्षेप रास्त आहे. पण अध्यापन, परीक्षा आणि विस्तारकार्य यांत गुंतलेला प्राध्यापक रोज शेतावर नोंदी घेऊ शकत नाही. त्यासाठी पूर्णवेळ संशोधक लागतो. म्हणून राज्य शासनाने परभणीस निदान पाच वर्षांच्या, कामाचा आढावा घेऊन वाढविता येणाऱ्या संशोधनजागा निर्माण कराव्यात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातील जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या संशोधकांनाही त्यांत सामावून घ्यावे.

कोरडवाहू शेतीचे प्रश्न परभणीच्या शिवारातच अभ्यासावे लागतील. ते अभ्यासणारा तरुण दोन वर्षांनी नोकरीच्या शोधात बाहेर पडला, तर त्याच्या शिक्षणावर झालेला सार्वजनिक खर्च अर्ध्यावरच वाया जातो. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या खळ्यावर दिसतो.