गाडी हायब्रीड, पाय मात्र जुनाच



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. एक लग्नाचा मांडव आणि दुसरी दारात उभी राहिलेली नवी गाडी. पूर्वी या गाडीच्या जागी मोटारसायकल असे, पुढे जीप आली आणि आता गट कार्यालयासमोर पाहावे तो हायब्रीड गाड्या उभ्या दिसतात. आम्हांला याचा आनंदच आहे. घाम गाळून पिकवलेल्या उसाच्या पैशातून शेतकऱ्याने चार चाकांचे सुख घेतले तर कुणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे.

मागच्या महिन्यात गट कार्यालयाच्या व्हरांड्यात एक जुने सभासद भेटले. चेहरा त्रासलेला. "काय सांगू तुमास्नी," ते म्हणाले, "हायब्रीड घेतली, पार फसलो बघा. सव्वीस-सत्तावीसचं अ‍ॅव्हरेज पडतंय म्हणत हुते, मला अठराच्या वर जाईना." आम्ही विचारले, "अण्णा, गाडी चालवता कशी?" ते हसून म्हणाले, "कशी म्हंजे? जीप चालवत हुतो तशीच!"

सगळे उत्तर त्या एका वाक्यात आहे. ठिबकचा संच घ्यायचा, अनुदान उचलायचे, मग नळ्या गुंडाळून बांधावर टाकायच्या आणि पाटानेच पाणी सोडायचे, असा हा प्रकार आहे. असा शेतकरी पुढे म्हणतो, ठिबकने पाणी वाचत नाही. संच पाणी वाचवत नाही, संच नीट वापरणारा माणूस पाणी वाचवतो. गाडीचेही तेच आहे.

हायब्रीड म्हणजे काय, हे आपल्या सभासदांना समजावणे अवघड नाही. एके काळी बगॅस म्हणजे कारखान्याच्या आवारातली अडगळ होती. आज त्याच बगॅसवर सहवीजनिर्मिती होते आणि वीज विकून पैसे येतात. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जातो. पेट्रोल जाळून कमावलेली चाल आपण तिथे फुकून टाकतो. हायब्रीड गाडीत ब्रेक हलके दाबले की तीच मोटर जनित्र होते आणि त्या चालीतून बॅटरीत वीज भरते. पुढे गाडी हलवताना किंवा सावकाश जाताना ती वीज कामी येते आणि इंजिन बंद राहते. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आलेल्या प्रियस गाडीपासून हे तंत्र जगभर पसरले. आपल्याकडे २०२२ पासून ग्रँड व्हिटारा, हायरायडर अशा गाड्यांमुळे ते गावोगाव पोचले.

पण येथे एक गैरसमज मोठा आहे. "बॅटरीवर चालते, म्हणजे फुकट चालते," असे पुष्कळांना वाटते. या गाड्यांना चार्जिंगची पिन नाही. त्यांतली सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, एक तर इंजिनातून नाहीतर ब्रेकमधून. शिवाय ग्रँड व्हिटारासारख्या गाडीच्या बॅटरीत मावते ती जेमतेम पाऊण युनिट वीज. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर तेवढ्यावर दहा मिनिटे चालेल! तेव्हा बॅटरी म्हणजे तलाव नव्हे, घागर आहे. ती सतत भरायची आणि सतत रिकामी करायची असते. बटण दाबून हट्टाने बॅटरीवरच गाडी चालवली तर घागर लगेच रिती होते आणि मग इंजिनाला पेट्रोल जाळून ती भरावी लागते. पेट्रोलची वीज आणि विजेची पुन्हा चाल करताना प्रत्येक खेपेस थोडी गळती होतेच. तो निर्णय गाडीवर सोडावा हे उत्तम.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. पहिली गोष्ट ब्रेकची. समोर उसाची ट्रॉली किंवा गतिरोधक दिसला की लांबूनच पाय उचलावा आणि ब्रेक हलका दाबत यावे. जवळ जाऊन कचकन दाबला की घर्षणाचे ब्रेक लागतात आणि वीज भरण्याऐवजी चाके तापतात. पुढच्या पडद्यावरचा काटा 'चार्ज'च्या पट्ट्यात जास्तीत जास्त वेळ राहील, असे पाहावे.

दुसरी गोष्ट, वेग घेण्याची. काही जण अ‍ॅव्हरेज वाढवायचे म्हणून बैलगाडीसारखे रेंगाळत वेग वाढवतात. त्याचीही गरज नाही. इंजिनाला मध्यम ओझे आवडते. काटा 'इको'च्या पट्ट्यात ठेवून बेताच्या जोराने हव्या त्या वेगाला यावे, मग पाय थोडा सैल करावा. इंजिन बंद होऊन गाडी बॅटरीवर तरंगत जाते. सपाट रस्त्यावर याची सवय आठवड्याभरात होते.

तिसरी गोष्ट, हमरस्त्याची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. त्यात हमरस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतात, म्हणजे बॅटरीची कमाईही थोडी. म्हणून हायब्रीड गाडी गावात, बाजारात, थांबत-चालत जाण्यात जास्त फायदा देते आणि भरधाव पळवण्यात कमी. ज्यांचा सगळा प्रवास पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर शंभरच्या पुढे होतो, त्यांनी काही लाख रुपये जादा मोजण्यापूर्वी याचा विचार करायला हवा होता, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

चौथी गोष्ट घाटाची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी खोड पुष्कळांना आहे. ती धोक्याची तर आहेच, पण हायब्रीडमध्ये तोट्याचीही आहे, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. गाडी गिअरमध्येच ठेवावी. आंबा घाटासारखा लांब उतार असेल तर घागर मध्येच भरून जाते. अशा वेळी 'बी' हा गिअर असल्यास तो टाकावा, म्हणजे इंजिनाची रोध मिळते आणि ब्रेक तापत नाहीत.

बाकीच्या गोष्टी घरातल्या काटकसरीसारख्याच. टायरमधली हवा पंधरवड्याने, गाडी थंड असताना तपासावी. डिकीत खताची पोती महिनोन् महिने फिरवू नयेत. एकदा दुधाला, एकदा औषधाला, एकदा सोसायटीत अशा तीन चकरा वेगवेगळ्या मारण्यापेक्षा एका फेरीत तिन्ही कामे करावीत. थंड इंजिन आधी स्वतःला तापवण्यासाठी पेट्रोल खाते आणि लहान चकरांत ते तापेपर्यंत घर आलेले असते. वजनकाट्यापाशी एसी लावून तासभर गाडीत बसले तरी इंजिन अधूनमधून चालू होतेच. आणि बऱ्याच हायब्रीड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी एक जाळी असते. आपल्या भागातली धूळ तिथे बसते, वर कुणी टॉवेल, पिशवी टाकते. बॅटरी तापली की तिचे काम मंदावते. जाळी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात पाहून ती साफ ठेवावी.

एवढ्याने होते काय, असे कुणी विचारील. हिशोब करू. समजा, वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालते. लिटरला १८ पडत असतील तर ८३३ लिटर लागतात, २३ पडले तर ६५२. फरक सुमारे १८० लिटरचा. लिटरला नुसते शंभर रुपये धरले तरी अठरा हजार रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. म्हणजे पाच टन उसाची किंमत केवळ पायाच्या सवयीने जाते. तोडणी-वाहतूक वजा केली तर पाचाहून अधिक. पाच टन उसासाठी आपण काट्यावर किती भांडतो, ते सभासदांनीच आठवावे.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्या मुद्द्याकडे येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. त्यात मका आणि तांदळाबरोबर आपल्या उसाचा वाटा आहे आणि आपल्या बिलाचाही एक आधार त्यात आहे. पण बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नात एकच बोलणे ऐकू येते की इथेनॉलने अ‍ॅव्हरेज खाल्ले. आपली मंडळी यावर एक तर गप्प बसतात, नाहीतर "छे, काही फरक पडत नाही" असे ठोकून देतात. आम्हांला दोन्ही पसंत नाही. फरक पडतो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचातला एक भाग इथेनॉल असला की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि वीस टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट धरली आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, म्हणून त्यासाठी बनवलेले इंजिन बरीचशी तूट भरून काढते. आपला माल विकताना त्याचा दोष लपवणे हे सहकाराला शोभत नाही. काट्यात मारलेले माप जसे आज ना उद्या उघडे पडते, तसेच हेही पडेल. गिऱ्हाइकाला खरे सांगावे आणि सरकारकडे इंधनाची किंमत त्यातल्या ऊर्जेनुसार ठरवण्याचा आग्रह धरावा.

आणि येथेच हायब्रीड आपल्या उपयोगी पडते. इथेनॉलने सहा-सात टक्के जातात, तर नीट चालवलेली हायब्रीड त्याच्या कितीतरी पट वाचवते. उसाचा देश असलेल्या ब्राझीलमध्ये २०१९ साली इथेनॉल आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी हायब्रीड कोरोला बाजारात आली. आपल्याकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते तशाच इनोव्हा गाडीचा नमुना दाखवला गेला. इथेनॉल आणि हायब्रीड हे एकमेकांचे वैरी नव्हेत, जोडीचे बैल आहेत.

कुणी म्हणेल, "इंधन कमी जळाले तर आपले इथेनॉलही कमी खपेल, मग आपण का काटकसर शिकवायची?" हा विचार आखूड आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. इथेनॉलला जागा करायची तर ती त्या परदेशी तेलाच्या वाट्यातून करायची, शेजाऱ्याच्या खिशातून नव्हे. लोकांना इथेनॉल परवडले तरच मिश्रण पुढे वाढेल. अ‍ॅव्हरेज घसरले म्हणून लोक विटले तर पहिला फटका उसालाच बसेल.

शेवटी एक गोष्ट घरची. कारखान्याच्या गाड्याही सभासदांच्याच पैशातून चालतात. त्यांत हायब्रीड आहे आणि तीही पदाधिकाऱ्यांची वेळ गाठण्यासाठी भरधावच पळते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. आमची सूचना अशी की प्रत्येक गाडीचे किलोमीटर, भरलेले पेट्रोल आणि निघालेले अ‍ॅव्हरेज दर तिमाहीस या अंकात छापावे. पडद्यावरचा आकडा धरू नये, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असाच हिशोब करावा. ज्या चालकाच्या हातून बचत होईल, त्याला त्या बचतीचा काही वाटा बक्षीस म्हणून द्यावा. हे वाचून काही जण रागावतील. रागावोत. सभासदांना काटकसर सांगणाऱ्याने आधी आपली वही उघडून दाखवावी लागते.

आणि सभासदांनीही आपापली वही ठेवावी. तीन महिने जुन्या सवयीने, तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे गाडी चालवून दोन्ही आकडे गट कार्यालयात कळवावेत. आमचे चुकले असेल तर तेही याच पानावर छापू. आमच्या अण्णांना आम्ही एक वही दिली आहे. ते म्हणाले, "बघतो बाबा, पायाला वळण लागतंय का." आम्हांलाही तेच बघायचे आहे.

— संपादक मंडळ