सासूबाईंचा कार्डिओग्राम

मैत्रिणींनो, घरात पेसमेकर बसवलेलं कुणी असेल तर आजचं पान जरा सावकाश वाचा.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी कार्डिओग्राम काढला. पट्टीच्या डोक्यावर मशीननंच छापलं होतं, जुन्या हार्ट अॅटॅकची शक्यता! 'पेसमेकर आहे का' हे काढणाऱ्या मुलानं विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. रिक्षात सासूबाई अगदी गप्प. घरी आल्यावर म्हणाल्या, "डोळ्याचं राहू दे आता." 'हे' तर मुंबईला न्यायच्या तयारीला लागले.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पट्टी खिडकीशी धरली. "बाई, भूगोल शिकवता ना? मग आलेख वाचता येईल." प्रत्येक मोठ्या लाटेआधी सुईसारखी बारीक उभी रेघ होती. ती पेसमेकरची टिचकी. एरवी विजेची लहर ठरलेल्या वाटेनं हृदयात झरकन पसरते. पेसमेकरची तार बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात असते. तिथून लहर स्नायूंतून वाट काढत डावीकडे जाते. वेळ लागतो, म्हणून लाट रुंद उमटते, तीन बारीक चौकोनांहून जास्त, आणि आकारही वेडावाकडा. नव्या पेसमेकरची रेघ फार पुसट असते, मशीनच्या नजरेतून सुटते. मग नुसती रुंद लाट पाहून ते बिचारं अॅटॅक म्हणून मोकळं होतं!

रेघ मुळीच नसली तरी घाबरू नका. हृदय आपणहून नीट चालत असेल तर पेसमेकर गप्प राहतो. (सून नीट वागली की गप्प बसणाऱ्या सासूसारखा, पण हे मी तिथं बोलले नाही हं!) रेघ आहे पण मागे लाट नाही, हे मात्र काळजीचं.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगितली. या वेड्यावाकड्या लाटांआड खरा अॅटॅकही लपतो. छातीत दुखलं, घाम फुटला, तर 'यांचा कार्डिओग्राम असाच असतो' म्हणून घरी बसायचं नाही.

सासूबाईंना धीर यावा म्हणून त्यांनी स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ साली शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर त्यांचा. तो काही तासांतच बंद पडला! पुढे बदलत बदलत सव्वीस झाले, आणि गृहस्थ २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले.

आता पेसमेकरचं कार्ड सासूबाईंच्या पर्समध्ये असतं, सोबत जुनी पट्टी. तो कागद फिका पडत जातो, म्हणून आधी झेरॉक्स काढा. ऑपरेशन छान झालं. आमच्या झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर सासूबाईंनी कैरीच्या लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवलंय, चष्म्याशिवाय.