पहिली नोटीस मराठीत हवी

परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये कापसाच्या पैशाच्या भरवशावर कुणी दोन खोल्या बांधतो, कुणी दुकानावर मजला चढवतो. भाव पडला की हप्ते थकतात. तीन महिने उलटले की खाते बुडिताकडे झुकल्याचे धरले जाते आणि रजिस्टर पोस्टाने लिफाफा येतो. आत सहसा इंग्रजी मजकूर : कलम 13(2), थकबाकी, तारणाच्या चतुःसीमा. लिफाफा फोडण्याआधीच, नोटिशीवरच्या तारखेपासून साठ दिवसांची मुदत सुरू झालेली असते.

हे कलम ज्यातले, तो 2002 चा सरफेसी कायदा बँकेला कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देतो. शेतजमीन त्यातून वगळली आहे, घर नाही. सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात दिला. वसुली व्हायलाच हवी. तो पैसा ठेवीदारांचा आहे.

पण हे साठ दिवसच कर्जदाराच्या हातात असतात. व्याजाचा हिशेब चुकला असेल, भरलेले हप्ते जमा दिसत नसतील, तर याच काळात लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. नोटीस कळलीच नाही, तर हरकत घेणार कोण? कुणी ती शहरात शिकणाऱ्या मुलाला मोबाइलवर फोटो काढून पाठवतो, कुणी तहसीलसमोर अर्ज लिहिणाऱ्याकडे नेतो. त्यात दिवस जातात.

कायद्याच्या नियमांना मराठीची आठवण होते ती नंतर. ताबा घेतल्यावर सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत नोटीस छापावी लागते आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. लिलावाच्या जाहिरातीलाही तोच नियम. म्हणजे कर्जदाराचे नाव, रक्कम आणि घराचा पत्ता गावाला मराठीत वाचायला मिळतो. घरमालकाच्या हाती मात्र इंग्रजी कागद. आणि 2016 च्या दुरुस्तीनुसार पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. मराठीत वाचायला मिळते तेव्हा दार लागलेले असते. पुढे उरते ती छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाची वाट, वकिलाच्या फीसकट.

बिगर-बँक वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेने कर्जदाराशी सगळा पत्रव्यवहार स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करायला सांगितले आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्जाच्या मुख्य तपशिलाचे पत्रकही कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. व्यवहारात मात्र ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला’ या छापील ओळीखाली सही घेतली की काम भागते. अशी सही कर्ज देताना चालवून घेतली, तरी घर घेताना चालवून घेऊ नये.

हे अवघड नाही. गावातल्या पतसंस्थांच्या वसुलीच्या नोटिशा बहुधा मराठीतच निघतात आणि वसुली त्यामुळे अडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2013 पासून थकलेल्या गृहकर्जाच्या नोटिशीसोबत स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामींसह पाच भाषांतला सारांश जोडणे बंधनकारक केले.

आपल्याकडे कलम 13(2) च्या पहिल्या नोटिशीसोबत मराठी प्रत असावी, तीत थकबाकी, शेवटची तारीख आणि हरकत कुणाकडे द्यायची हे पहिल्याच पानावर असावे आणि ती प्रत पोचल्यापासून साठ दिवस मोजावेत. प्रत जोडण्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून नियमांत तशी दुरुस्ती करू शकते. दिवस मोजण्याची पद्धत कायद्यातच आहे, तेवढ्यासाठी संसदेकडे जावे लागेल. पहिले काम तरी त्यासाठी थांबवू नये.