आरोग्यविचार : रक्त सांगेल ते हृदयात असेलच असे नाही

सर्दी, घसादुखी, दोन दिवसांचा ताप किंवा जुलाब यांना आपण आजारपणात धरत नाही आणि बहुतेक वेळा त्यात काही चुकतही नाही. क्वचित प्रसंगी मात्र ताप उतरून काही दिवस किंवा आठवडे लोटल्यावर, पूर्वी हृदयाची कोणतीही तक्रार नसलेल्या तरुण वा मध्यमवयीन व्यक्तीला जिना चढताना धाप लागते, छातीत दुखते, ठोके चुकल्यासारखे वाटतात. ईसीजीमध्ये बदल दिसतो, रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले असते, पण अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आढळतात. अशा वेळी डॉक्टर हृदयस्नायूच्या दाहाची, म्हणजे मायोकार्डायटिसची, शंका घेतात.

घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न स्वाभाविक असतो : ‘हे कोणत्या विषाणूमुळे झाले? रक्त तपासून सांगता येईल ना?’ हा प्रश्न रास्त आहे. रक्तातून मिळणारे उत्तर मात्र बहुधा भरवशाचे नसते, आणि त्याचे कारण प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

रक्तातील प्रतिपिंडे ही शरीराची जुनी वही असते. एखादा विषाणू कधीकाळी येऊन गेला, एवढेच ती सांगते. पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूची प्रतिपिंडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात आढळतात, कारण त्याची बाधा बालपणी सर्रास होते. तेव्हा आज हृदय आजारी असताना ही प्रतिपिंडे सापडली, म्हणून दोष त्याच विषाणूचा असे म्हणता येत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी शंका असलेल्या १२४ रुग्णांचे रक्त आणि हृदयस्नायूचे सूक्ष्म तुकडे असे दोन्ही तपासले. ५८ जणांच्या हृदयस्नायूत विषाणूंचे जनुकीय अंश मिळाले. परंतु रक्ताने सूचित केलेला विषाणू आणि हृदयात मिळालेला विषाणू एकच आहे, असे १२४ पैकी केवळ ५ जणांत आढळले.

मग विषाणू ओळखावा कसा? त्याचा शोध हृदयस्नायूतच घ्यावा लागतो. मानेतील किंवा मांडीतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयात नेऊन एक-दोन मिलिमीटरचे काही तुकडे काढण्याची पद्धत जपानमधील साकाकिबारा आणि कोन्नो यांनी १९६२ साली मांडली. या तपासणीस बायोप्सी म्हणतात. दाह हृदयात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, म्हणून एकाऐवजी अनेक तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी दिसतात, विषाणू दिसत नाही. त्याचे जनुकीय अंश पीसीआर तपासणीने शोधावे लागतात.

या तपासणीने जुन्या समजुतीही बदलल्या. १९४८ साली अमेरिकेत प्रथम वर्णन झालेल्या आणि एका गावावरून नाव मिळालेल्या कॉक्सॅकी विषाणूकडे पुढे दीर्घकाळ या विकाराचे मुख्य कारण म्हणून पाहिले गेले. २००५ साली बर्लिनमधील वैद्यांनी, हृदयाचा डावा कप्पा अशक्त झालेल्या पण कारण न सापडलेल्या २४५ प्रौढांचे हृदयस्नायू तपासले. सुमारे दोन-तृतीयांश जणांत विषाणूंचे अंश मिळाले. सुमारे निम्म्या रुग्णांत पार्व्होव्हायरस बी-१९ होता, तर कॉक्सॅकीच्या कुळातील विषाणू दहांतील एकाहूनही कमी जणांत होते.

तरीही घरात सापडलेला प्रत्येक पाहुणा चोर नसतो. पार्व्होव्हायरसचे अंश दाह नसलेल्या हृदयातही आढळतात. म्हणून त्यांचे प्रमाण किती, विषाणू तेथे वाढत आहे का आणि शेजारी दाहाच्या पेशी आहेत का, हे तिन्ही पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो.

नाव कळून रुग्णाचा काय लाभ, असे कोणी विचारील. रोममधील वैद्यांनी २००३ साली याचे उत्तर दिले. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या ४१ रुग्णांना त्यांनी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली होती. २१ जण सुधारले, २० जणांना गुण आला नाही. तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा गुण न आलेल्या २० पैकी १७ जणांच्या हृदयात विषाणू होता, सुधारलेल्यांपैकी केवळ तिघांच्या. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हृदयावर उलटली असेल, तर ही औषधे तारक ठरू शकतात. विषाणू ठाण मांडून असेल, तर शरीराचे पहारेकरीच झोपवल्यासारखे होते. म्हणून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी विषाणूचा शोध घेणे महत्त्वाचे असते.

याचा अर्थ प्रत्येकाला बायोप्सी हवी असा नाही. सौम्य दाह बहुधा आपोआप ओसरतो, आणि एमआरआयने दाहाचे निदान पुष्कळदा होते, जरी विषाणूचे नाव त्यातून कळत नसले तरी. हृदय अचानक आणि झपाट्याने दुर्बळ होत असेल, ठोक्यांत गंभीर बिघाड असेल किंवा उपचारांना दाद मिळत नसेल, तेव्हा बायोप्सीचा विचार अनुभवी केंद्रात व्हावा. रक्ततपासणीही सर्वस्वी निरुपयोगी नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर बळावणारा डेंग्यू यांचे निदान रक्तातूनच होते, आणि डेंग्यूतही हृदयस्नायूला दाह होऊ शकतो.

वाचकहो, लक्षात ठेवावयाचे थोडेच आहे. तापानंतर धाप, छातीत दुखणे, घेरी किंवा पायांवर सूज दिसली, तर अशक्तपणा म्हणून दिवस ढकलू नयेत, त्वरित ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी. अंगात ताप असताना व्यायामाचा अट्टहास धरू नये. दाहाचे निदान झाल्यास साधारण तीन ते सहा महिने जोरकस व्यायाम टाळावा लागतो, आणि तो पुन्हा कधी सुरू करावा हे डॉक्टरांनीच ठरवावे. प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुचवले गेले, तर ‘हृदयात विषाणू आहे का, हे पाहिले आहे का?’ असे नम्रपणे विचारावे. हा अविश्वास नव्हे, आपल्या माणसाविषयीची ती जबाबदारी आहे.